दोन सूत

सूतमास्तर हे नाव त्यांना कारखान्याने दिलं. पंप बनवायच्या त्या कारखान्यात हा माणूस चौतीस वर्षं फिटर म्हणून उभा राहिला. बोलणं मोजकं, पण त्या मोजक्या बोलण्यात सूत आल्याशिवाय राहायचं नाही. "सूतभर डावीकडे घे." "अर्धं सूत घास, जास्त नको." एकदा तर साहेबांच्या नव्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "खुर्ची बरी आहे, पण साहेब सूतभर तिरके बसलेत." एका इंचाची आठ सुतं, हा हिशेब फिटरला, सुताराला, गवंड्याला आईच्या नावासारखा पाठ असतो. बाकीचं जग मात्र सूत म्हटलं की दोराच समजतं. मास्तर निवृत्त होऊन नव्या जागेत राहायला आले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी नाव ऐकून एक फाटकी चादर घेऊन वर आल्या होत्या. "मास्तर, ह्या रंगाचं सूत असेल का हो तुमच्याकडे?" मास्तरांनी ती चादर हातात घेऊन, उलटीपालटी करून, गंभीरपणे सांगितलं होतं की नाही, हा रंग आमच्या खात्यात येत नाही.

कारखान्यात त्यांच्या डोळ्याचा दबदबा होता. दोन पत्र्यांमधली फट डावा डोळा मिटून, उजव्याने बघून ते सांगायचे, आणि मग बाकीचे मापाची पट्टी लावून बघायचे, ती मास्तरांची नव्हे तर पट्टीची परीक्षा म्हणून.

तर ह्याच उजव्या डोळ्याने दगा दिला. गेले काही महिने त्या डोळ्यापुढे कुणीतरी दुधात बुडवलेली काच धरल्यासारखं झालं होतं. मास्तरांनी हे कुणालाही सांगितलं नाही. वर्तमानपत्र बाजूला सारताना म्हणायचे, "रोज तेच तेच छापतात." चहा ओतताना कप भरला की नाही हे आवाजावरून ओळखायचे. घरात सून होती, ती इस्पितळात नर्स, तिच्यापासून डोळा लपवायचा म्हणजे पोलिसाच्या घरात चोरी लपवण्यासारखं; पण ती बिचारी वॉर्डातल्या तीस रोग्यांचं बघून दमून यायची, आणि मास्तर तिच्यासमोर बसताना खिडकीकडे पाठ करून बसायचे. मुलगा बदलीच्या गावी, पंधरवड्यातून एकदा यायचा. त्याला फोनवर आवाज ऐकू यायचा, डोळा दिसायचा नाही.

त्या महिन्यात घरात विहीणबाई होत्या. सुनेची आई. लेकीच्या इस्पितळात गुडघ्यावर शेक घ्यायला म्हणून आलेल्या. बाईंचा गुडघा कुरकुरायचा, पण जीभ आणि बोटं एकदम तेलपाणी केल्यासारखी. त्या भरतकाम करायच्या, आणि तेही साधं नाही. जाड विणीचं कापड लाकडी कड्यात ताणून बसवायचं, त्याची आडवी-उभी सुतं मोजायची, दोन सूत उचलायची, दोन सोडायची, आणि असं मोजत मोजत पानं, फुलं, पक्षी उभे करायचे. एक सूत चुकलं तर पक्ष्याची मान वाकडी. त्यामुळे मोजताना कुणी बोललं तर त्या एक हात वर करायच्या, रस्त्यावरच्या पोलिसासारखा.

आता गोष्टीला तोंड फुटलं ते चिखलामुळे. सून रोज सायकलने कामाला जायची. सायकल नवी, हलकी, देखणी, पण तिला मडगार्डच नाही. हल्ली तशाच देतात. कोरड्या रस्त्यावर काही बिघडत नव्हतं. पण कापडगिरणीच्या भिंतीला लागून जो उतार आहे, त्याच्या तळाशी पाण्याचा मोठा पाइप फुटला, रस्ता खणला, आणि तिथे दोन आठवडे खडी आणि चिखल यांचा काला झाला. सून वॉर्डात पोचायची ती पांढऱ्याशुभ्र गणवेशावर, कमरेपासून मानेपर्यंत, एक काळा पट्टा घेऊन. मोठ्या सिस्टर दोन दिवस गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सिस्टर, रोज पाठीवर रस्त्याचा नकाशा कशाला आणता? आम्हाला वाट माहीत आहे."

सुनेने घरी येऊन हे हसत सांगितलं, पण गणवेश धुताना ब्रश जरा जास्तच जोरात चालला. मास्तरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून मडगार्डची जोडी घेऊन आले.

रविवारी दुपारी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सायकल उलटी केली. मागचं मडगार्ड मास्तरांनी एकट्याने चढवलं. मागे जागा ऐसपैस होती, हाताच्या अंदाजाने काम झालं. मग पुढच्या चाकाचा आउट काढला, म्हणजे चाक फिरताना जे डावी-उजवीकडे डोलतं ते डोलणं तारा आवळून काढून टाकलं. हेही कानाने आणि बोटाने होतं. खरी पंचाईत पुढच्या मडगार्डची. ज्या चिमट्यात पुढचं चाक उभं असतं, त्या चिमट्यात जागा अरुंद. तिथे टायर आणि मडगार्ड यांच्यात फट नेमकी हवी, आणि फट बघायची म्हणजे उजवा डोळा हवा. मास्तरांनी सवयीने डावा डोळा मिटला. समोर नुसतं दूध. उजवा मिटून बघितलं, तर सवय नसलेला डावा डोळा फटीऐवजी भिंतच दाखवायला लागला.

विहीणबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कडं घेऊन बसल्या होत्या.

"विहीणबाई," मास्तर म्हणाले, "जरा इकडे येता का? माझी कंबर धरलीय. मी पान्हा मारतो, तुम्ही फट बघा."

"मी? सायकलची?"

"त्यात काय आहे. दोन सूत ठेवायची. चारी बाजूंनी सारखी. तुम्हाला काय सांगायचं."

"दोन सूत ना?" विहीणबाईंचा चेहरा उजळला. लेकीच्या घरी आल्यापासून त्यांना कळणारं असं काही व्याह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. "दोन सुतांत माझा हात कुणी धरणार नाही, व्याहीबुवा."

"म्हणून तर बोलावलं."

पाऊण तास काम चाललं. मास्तर मडगार्ड धरून, त्याला आधार देणाऱ्या काड्या पुढेमागे सरकवून, नट अर्धवट आवळायचे, विहीणबाई वाकून बघायच्या आणि सांगायच्या, "वर. अजून वर. नाही, जास्त झालं, जरा खाली. आता थांबा." त्यांचा एक हात वर. मास्तर श्वास रोखून थांबायचे. शेवटी सगळे नट घट्ट झाले, मास्तरांनी चाकाला फिरकी दिली आणि कान लावला. घासल्याचा आवाज नाही. चाक नुसतं वाऱ्यासारखं फिरत होतं.

"बसलं," मास्तर म्हणाले. कंबर वगैरे काही धरलेली नव्हती, ते झटकन उभे राहिले. विहीणबाईंनी ते पाहिलं, पण त्यांना स्वतःच्याच कामाचं कौतुक इतकं वाटत होतं की त्यांनी ते तिथेच सोडून दिलं.

सोमवारी सकाळी सून पावणेसातला निघाली. निघण्याआधी मास्तरांनी पंप मारून दोन्ही टायर टणटणीत केले. विहीणबाईंनी डबा हँडलला अडकवला. "आता नकाशा नाही," सून म्हणाली, आणि गेली.

सात वाजून पाच मिनिटांनी चहा झाला. मास्तर मोठ्या मनाने म्हणाले, "काही म्हणा, काल तुम्ही माप छान धरलंत. आमच्या खात्यात असतात तर मुकादम झाला असतात."

विहीणबाईंनी ओट्यावरच्या सुईच्या डबीतून एक लहानशी गुंडाळी काढली आणि टेबलावर, मास्तरांच्या कपाशेजारी ठेवली. "हे बघा. जपून ठेवलेत. जावई आले की दाखवणार आहे, की तुमच्या वडिलांच्या हाताखाली मी पण काम केलं."

मास्तरांनी हात लावून बघितलं. दोरे होते. टायरचा काळा रंग लागलेले दोन दोरे.

"हे काय?"

"तुमची दोन सूत. कापडातून काढली, एकावर एक धरली, आणि टायर न् मडगार्डच्या मधून चारी बाजूंनी ओढून बघितली. दोन जातात, तिसरं जात नाही. एका ठिकाणी कमी नाही की जास्त नाही."

मास्तरांचा हात टेबलावर तसाच राहिला. दोन सूत म्हणजे पाव इंच. त्यातून वाळू जाते, चिखल जातो, बारीक खडी जाते. आणि ही दोन सूत म्हणजे काय, तर नख जाणार नाही. कोरड्या रस्त्यावर चाक फिरेल, आवाजही करणार नाही. पण उताराच्या तळाशी, त्या काल्यात, पहिला चिखल आत गेला की तो बाहेर येणार कुठून? तो तिथेच थापला जाणार, वर खडी अडकणार, मडगार्ड चाकाबरोबर चिमट्यात ओढलं जाणार, आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबणार. चाक थांबतं. माणूस थांबत नाही.

कारखान्याच्या फाटकावरचा घंटावाला असाच गेला होता हँडलवरून. सैल मडगार्ड चाकात घुसलं, आणि गडी उडी मारल्यासारखा पुढे. समोरचे तीन दात गेले, मग त्याला शिट्टी वाजवता येईना, म्हणून त्याला घंटा दिली. ही गोष्ट मास्तर जेवताना हजार वेळा सांगत, आणि शिट्टीच्या ठिकाणी सगळे हसत. आज त्यांना तो घंटावाला आठवला तो रस्त्यावर पालथा पडलेला, हसण्याच्या आधीचा.

त्यांनी फोन उचलून सुनेचा नंबर लावला. शेजारच्या खोलीत, उशीजवळ, सुनेचा फोन वाजायला लागला.

"विसरली वाटतं," विहीणबाई म्हणाल्या. "अहो, पण झालं काय?"

मास्तरांनी वॉर्डाचा नंबर लावला. मोठ्या सिस्टरांनी उचलला. "नाही, अजून आलेल्या नाहीत. एरवी सातला पाच कमी असताना येतात. आल्या की सांगते."

सात वाजून नऊ मिनिटं झाली होती.

मास्तरांनी पान्हा आणि फोन खिशात टाकला, पायात सापडेल ती चप्पल घातली. दारातून म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही घरी थांबा. सूनबाई फोन न्यायला परत आली तर कुणीतरी घरी हवं."

"तुमचा चेहरा बघून मी घरी थांबू?" विहीणबाईंनी कडं, कापड, सुई सगळं पिशवीत कोंबलं आणि पिशवी खांद्याला लावून त्या बाहेर आल्या. "चालताना सांगा."

चालताना मास्तरांनी सांगितलं. एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, पण त्यांना पाच लागली. इंच, आठ भाग, खडी, चिखल, चाक. विहीणबाई ऐकता ऐकता एकदम थांबल्या, आणि मग पूर्वीपेक्षा दुप्पट वेगाने चालायला लागल्या. कुरकुरणाऱ्या गुडघ्याची बाई पुढे आणि चांगल्या पायाचे मास्तर मागे, अशी वरात गिरणीच्या रस्त्याला लागली.

"तुम्ही सूत म्हणालात," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मी सूत ठेवलं."

"माझंच चुकलं."

"पाव इंच म्हणायला तोंड दुखत होतं का?"

"चौतीस वर्षांची सवय आहे हो."

"आणि माझी चाळीस वर्षांची." थोडं अंतर गेलं. मग आवाज एकदम खाली आला. "पण व्याहीबुवा, मी तर अडाणी ह्यातली. तुम्ही तिथेच बसला होतात. वीतभर अंतरावर. तुम्हाला दिसलं कसं नाही?"

मास्तरांनी खिशातला पान्हा घट्ट धरला. वर्तमानपत्राचं, कंबरेचं, खिडकीचं, सगळी ठेवणीतली उत्तरं तोंडाशी येऊन परत गेली.

"दिसत नाही," ते म्हणाले. "उजव्या डोळ्याने दिसत नाही. सहा महिने झाले."

पुढच्या पायरीवर, जिथे फुटपाथ उतरतो, तिथे त्यांनी मागे हात करून मास्तरांची बाही धरली आणि मग सोडली नाही.

गिरणीचा उतार वरून दिसायला लागला. म्हणजे विहीणबाईंना. मास्तरांना दिसला तो उतार, आणि तळाशी काहीतरी गडद, हलणारं.

"काय आहे ते?"

"माणसं जमलीत."

"किती?"

"दहा-बारा. गोल करून उभी आहेत. खाली बघतायत."

मास्तरांना थांबायचं होतं. तरी पाय चालत राहिले, उतारच तसा होता. "पांढरं काही दिसतंय का?" त्यांनी विचारलं. विहीणबाईंनी बाहीवरची मूठ आवळली. जवळ आल्यावर मास्तरांनी कुणालातरी बाजूला सारलं आणि वाकले. मध्ये खड्डा होता. खड्ड्यात पाणी उसळत होतं. कालच जोडलेला पाइप पुन्हा फुटला होता, आणि ज्यांना कामावर जायची घाई नव्हती अशी माणसं तो सोहळा बघत उभी होती.

"काका, मागे व्हा, घसराल," खोदकामावरचा मुकादम म्हणाला.

"इथे कुणी पडलं का? सायकलवरून? नर्सबाई?"

"पडलं नाही कुणी. त्या सिस्टर ना, पांढऱ्या कपड्यातल्या? त्यांची सायकल ती काय." त्याने पत्र्याच्या पिंपाकडे बोट केलं.

पिंपाला टेकून सायकल उभी होती. पुढचं चाक, मडगार्ड आणि चिमटा मिळून चिखलाचा एकच गोळा झाला होता. हँडलला डबा लटकत होता.

"बाई कुठे आहेत?" हे विहीणबाईंनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"गेल्या पायीच. एरवी बसूनच जातात, आज उताराला लागताच उतरल्या होत्या, हाताने धरून आणत होत्या. म्हटलं, का हो सिस्टर, पंक्चर का? तर म्हणाल्या, घरी सासरे आहेत, खडी दिसली की उतरायचं असं रोज बजावतात, म्हटलं आज ऐकावं, नाहीतर घंटावाल्याची गोष्ट पुन्हा सांगतील." मुकादम हसला. "मग इथे चिखलात आल्यावर चाक फिरेचना. ढकललं, उचललं, काही होईना. मला म्हणाल्या, लक्ष ठेवा, मी दुपारी नेते. पळतच गेल्या."

विहीणबाई पिंपाशेजारच्या विटांच्या ढिगावर मटकन बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. मास्तर उभेच होते. त्यांनी सायकलची सीट धरली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. "पोचल्या हो तुमच्या सूनबाई," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "धापा टाकतायत, पण पोचल्या."

मग मास्तरांनी पान्हा काढला.

चिखल काडीने कोरून, फुटक्या पाइपच्याच पाण्याने धुऊन काढला. नट सैल केले. मडगार्ड मोकळं झालं, आणि पुन्हा तीच फट समोर आली. मास्तरांनी डोळा मिटला नाही. ते सरळ विहीणबाईंकडे वळले.

"विहीणबाई, मला दिसत नाही. पाव इंचाचं काही आहे का तुमच्याकडे?"

विहीणबाईंनी पिशवीत हात घातला. सुया, रिळं, कात्री असं करत करत भरतकामाचं लाकडी कडं वर आलं. मास्तरांनी त्याची कड अंगठा आणि बोटात धरली. डोळ्याने नाही, पण चौतीस वर्षांच्या बोटांनी ते माप ओळखलं.

"दोन सूत," ते म्हणाले. "बरोबर दोन. हे तुम्ही रोज हातात घेऊन बसत होता."

"कापड आहे त्यात. अर्धा पक्षी झालाय."

"मग राहू द्या."

"राहू कशाला द्या." त्यांनी कापड सोडवलं, घडी करून पिशवीत ठेवलं, आणि कडं टायर व मडगार्ड यांच्या मधे धरलं. "हं. आवळा. थोडं खाली. आता थांबा." त्यांचा मोकळा हात वर गेला, आणि रस्त्यावरून येणारा एक सायकलवाला उगाचच थांबला.

"खडी आहे, अजून सूतभर सोडू," मास्तर म्हणाले.

"कुठलं सूत?"

"माझं."

"मग असं बोला."

सायकल हाताने धरून दोघं इस्पितळात पोचले तेव्हा नऊ वाजत आले होते. सून दोन मिनिटांसाठी फाटकाशी आली. मास्तरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एका डोळ्याने जेवढं दिसेल तेवढं, आणि म्हणाले, "मागे वळ."

ती वळली. पाठ पांढरीशुभ्र होती.

"बोलणी बसली का?"

"उशीर झाल्याची बसली. नकाशाची नाही." मग तिने दोघांकडे नीट पाहिलं. मास्तरांच्या एका पायात त्यांची चप्पल होती, दुसऱ्यात तिची. "तुम्ही दोघं इथे कसे? आणि आई, गुडघा?"

"गुडघ्याचं राहू दे," विहीणबाई म्हणाल्या. "आधी ह्यांचा डोळा."

मास्तर काहीतरी म्हणणार होते. पण विहीणबाईंची मूठ पुन्हा बाहीवर बसली होती.

डोळ्यांच्या विभागात रांग मोठी होती. मास्तर बाकावर बसले, शेजारी विहीणबाई. त्यांनी कड्यात कापड पुन्हा ताणलं आणि बघितलं, तर कड्याचा काळा, तेलकट गोल कापडावर उमटला होता, अर्ध्या पक्ष्याभोवती. त्यांनी तो थोडा वेळ चोळला. मग सोडून दिला आणि सुतं मोजायला लागल्या.

मास्तरांचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, डावा डोळा झाकला आणि समोरच्या अक्षरांच्या पाटीकडे बोट केलं. "शेवटची कुठली ओळ दिसते?"

"ओळी आहेत होय?" मास्तर म्हणाले. "आता जरा उजवीकडे घेतलीत पाटी, सूतभर, तर—"

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरून, मान वर न करता, आवाज आला, "डॉक्टरीणबाई, आधी विचारून घ्या, कुठलं सूत."